कल्पकतेचा तास

मंगळवार, १९ नोव्हेंबर १९३५. बुरोंडी.

आजपासून रोजनिशी लिहीत आहे. हौस म्हणून नव्हे. आज शाळेत नवे असिस्टंट मास्तर रुजू झाले आणि पहिल्या तासाभरात त्यांच्याशी जे बोलणे झाले त्यावरून हे प्रकरण एक दिवस वरपर्यंत जाणार असे दिसते. तेव्हा कोण काय बोलले याचे टिपण हाताशी असावे.

मी गंगाराम विठू रेवाळे, येथील मराठी शाळेचा हेडमास्तर. आमच्या घराण्यात फायनल पास झालेला पहिला माणूस. नांगर धरणाऱ्या घरात लेखणी आली ती शिस्तीमुळे. माझे मास्तर 'उजवीकडे बघ' म्हणाले की मी उजवीकडे बघे. 'पुरे' म्हणायला ते विसरले तर मान आखडेपर्यंत बघत राही. अजून थंडीत ती बाजू दुखते. पण पास झालो.

नव्या मास्तरांचे नाव आनंदा तोडणकर. तरुण आहेत, ट्रेनिंग कॉलेज करून आले आहेत. मी त्यांना अभिमानाने चौथीचा वर्ग दाखवला. मुले हाताची घडी, तोंडावर बोट, अशी बसली होती. तोडणकरांनी सगळ्यांकडे पाहिले आणि हळूच मला विचारले,

"मुलं आजारी आहेत का?"

मी म्हटले, "शिस्तीत आहेत."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांच्या त्या 'अस्सं'मुळे ही रोजनिशी.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तोडणकरांना बिगरी आणि पहिली दिली आहे. दुपारी पाहतो तो वर्ग रिकामा. पोरे सगळी पुळणीवर, वाळूत शिंपले गोळा करीत. आरडाओरडा इतका की वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे उडून गेले.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"गणित," तोडणकर म्हणाले.

"गणित पाटीवर असतं."

इतक्यात एक चिमुरडे पोर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, बराच वेळ तोंडाकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमची एक मिशी जास्त हाय आणि एक कमी हाय."

मी तोडणकरांकडे पाहिले. ते म्हणाले, "बरोबर आहे. आज आम्ही कमी-जास्त शिकतोय."

घरी येऊन आरसा पाहिला. पोराचे म्हणणे खरे आहे. परंतु तो मुद्दा नव्हे.

सोमवार, २ डिसेंबर

चौथीला 'गाय' हा निबंध दिला. नेहमीप्रमाणे सर्वांचे निबंध एकसारखे आले. मला समाधान वाटले. 'गाय हा उपयुक्त पशू आहे' येथपासून 'म्हणून आपण गाईवर दया करावी' येथपर्यंत कानामात्रेचा फरक नाही. अपवाद एक. रामा कोळ्याची मुलगी राही. कोळीवाड्यातल्या मुलींत चौथीपर्यंत टिकलेली ही एकटीच. तिने काय लिहिले ते पुरावा म्हणून जसेच्या तसे उतरवून ठेवतो:

'आमच्या घरी गाय नाही. वरच्या वाडीत आहे. मी तिला बघायला गेले. माझ्या अंगाला म्हावऱ्याचा वास येतो म्हणून ती मागे सरली. तिची शिंगे बघून मी मागे सरले. त्यामुळे आमची ओळख झाली नाही. मास्तर म्हणतात गाय गरीब असते. मास्तर वर्गात आले की आम्ही पण गरीब असतो. मास्तर गेल्यावर आम्ही कसे असतो ते त्यांना ठाऊक नाही. गाईचे पण तसेच असेल. ती एकटी असताना तिला कोणी बघितले नाही.'

राहीला दुसरा तास संपेपर्यंत अंगठे धरून उभे केले. संध्याकाळी घरी हा उद्धटपणा आमच्या मंडळींना वाचून दाखवला. त्या भाकरी थापायच्या थांबल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मलाही मध्येच ठसका लागला. मंडळींनी परत वाचायला सांगितले म्हणून परत वाचला. मग त्यांची बहीण आली, तिच्यासाठी आणखी एकदा.

मुलगी वाया जाणार यात शंका नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

दापोलीस तालुक्यातल्या हेडमास्तरांची सभा झाली. शाळा तपासणारे नवे दिपोटीसाहेब आले आहेत. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मला पोपट नकोत! मला मुलांची कल्पकता पाहिजे, स्वतंत्र विचार पाहिजे!" आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. माझ्या मते सर्वांत जास्त मी डोलावली, कारण साहेब भाषणाच्या मध्येच थांबून माझ्याकडे बघू लागले.

सभेनंतर मी पाचवीच्या वर्गाचा विषय काढला. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवी पाहिजे तर पोरांनी दापोलीला यायचे. इतक्या लांब कोण पाठवतो? मुलगे होडीवर जातात आणि मुली मासळीची पाटी डोक्यावर घेतात. मी तीन वर्षे अर्ज करतो आहे.

साहेब म्हणाले, "फेब्रुवारीत तपासणीला येतो. मुलांत स्वतंत्र विचार दिसला तर पाचवी देतो. नाही दिसला तर पुढच्या वर्षी असिस्टंटही काढून घेतो."

परत येताना सारखा विचार करीत होतो. साहेबांचा हुकूम म्हणजे हुकूम. स्वतंत्र विचार तर स्वतंत्र विचार. फेब्रुवारीपर्यंत पक्का करून घेऊ.

मंगळवार, १७ डिसेंबर

वेळापत्रकात बदल केला. मंगळवार व शुक्रवार, दुसरा तास: कल्पकता.

चौथीला समजावून सांगितले, "आजपासून सर्वांनी स्वतंत्र विचार करायचा. जो करणार नाही त्याला छडी." मुले घाबरून एकमेकांकडे पाहू लागली. सवय व्हावी म्हणून सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेतले, "आम्ही स्वतंत्र विचार करतो!" आवाज बारीक आला म्हणून पुन्हा. पुन्हा. शेवटी 'आम्ही स्वतंत्र' एवढेच खणखणीत येऊ लागले, पुढचे पोरांच्या दमाबरोबर विरून जाई.

थोड्या वेळात पोलीस पाटील पागोटे सावरीत धावत आले. "मास्तर, अवो काय चालवलंत हे? बंदरापर्यंत ऐकू येतंय! माझी पाटीलकी जायची!"

"फक्त विचार, पाटील, फक्त विचार!" मी म्हटले आणि त्यांना दिपोटीसाहेबांचा हुकूम सांगितला. सरकारच सांगते म्हटल्यावर ते खाली बसले आणि पाणी मागितले.

यापुढे हे वाक्य हळू आवाजात म्हणवून घ्यायचे ठरवले आहे.

शुक्रवार, १० जानेवारी १९३६

तालीम जोरात आहे. साहेबांसमोर मुले आपण होऊन जे प्रश्न विचारणार, ते मी ठरवून दिले. बाबू आपण होऊन विचारील, 'समुद्राचे पाणी खारट का?' बाळा आपण होऊन उत्तर देईल, 'नद्या क्षार वाहून आणतात म्हणून.' मग दादू आपण होऊन विचारील, 'चंद्र लहानमोठा का दिसतो?' रघू उत्तर देईल. विचारण्यापूर्वी क्षणभर छताकडे बघायचे, म्हणजे विचार आत्ताच सुचला असे वाटते. बाबू छताकडे फार वेळ बघतो. एकदा त्याच्या डोळ्यात कौलाची माती पडली.

तोडणकर दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "मास्तर, सुचण्याची तालीम कशी घेता येईल?"

"मग काय बिनतालमीचं सुचू देऊ? साहेबांसमोर?"

"एकदा सुचू देऊन तर बघा. राहीला विचारा एखादा प्रश्न."

राहीचाच तर घोर आहे. ती काय बोलेल याचा नेम नाही. म्हणून तिला बोलावून निक्षून सांगितले, "साहेबांनी काहीही विचारलं तरी तू नुसती मान हलवायची."

"होय अशी की नाय अशी?"

"होय अशी."

"साहेबांनी विचारलं, तू गाढव हायस का, तरी होय?"

"तसं ते विचारणार नाहीत."

"पण विचारलं तर?"

"तरी होय!" मी ओरडलो. तिने होय अशी मान हलवली. पोरगी सांगितले तर ऐकते हे कबूल केले पाहिजे.

रविवार, ९ फेब्रुवारी

परवा तपासणी. झोप नाही, जेवण नाही. मंडळी म्हणाल्या, "अवो, पोरं बोलतील ती बोलतील. तुम्ही कशाला सगळ्यांच्या तोंडात शिरताय?" बायकांना शाळाखात्यातले काय कळणार, म्हणून उत्तर दिले नाही. साहेबांना छडी चालत नाही असे कानावर आल्याने ती हिंदुस्थानच्या नकाशामागे उभी करून ठेवली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घडले तसे लिहितो.

सकाळी हजेरी घेतो तो बाबू नाही. बापाच्या मचव्यावर माणूस कमी पडला म्हणून बाबूला घेऊन गेले. म्हणजे पहिला प्रश्नच समुद्रावर गेला. दुसरी व्यवस्था करणार तोच साहेब दारात.

आधी साहेब तोडणकरांच्या वर्गात गेले. तेथे काय झाले ते दिसले नाही, पण हसण्याचा आवाज आला आणि साहेब लाल होऊन बाहेर आले. मागाहून कळले की त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली होती आणि पोरांनी तिच्यात शिंपले मोजून भरले. साहेबांनी टोपी डोक्यावर घातली तेव्हा हिशेब खाली आला.

मग चौथी. दादूने ठरल्याप्रमाणे छताकडे पाहिले आणि विचारले, "चंद्र लहानमोठा का दिसतो?"

बाळा आपली पाळी पहिली या समजुतीने तयार उभाच होता. तो म्हणाला, "नद्या क्षार वाहून आणतात म्हणून, साहेब."

"चंद्रावर?" साहेबांनी विचारले.

"होय, साहेब."

साहेब नकाशाकडे वळले, तो जरा ओढून नीट करू लागले, आणि मागची छडी धाडकन त्यांच्या बुटावर पडली.

"हे काय?"

तेवढ्यात दादू उठला. "ती नकाशावर गावं दाखवायची काठी हाय, साहेब." एवढे बोलून थांबला नाही. छडी उचलली, "हे मुंबई," म्हणून कलकत्त्यावर टेकवली आणि जागेवर बसला. हे मी शिकवलेले नव्हते. मला ते ऐकून भरून का आले ते सांगता येत नाही.

साहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "आता मी विचारतो. समजा, उद्या सकाळी उठलात आणि समुद्र आटलेला आहे. तर काय होईल?"

अशा प्रश्नाची तयारी नव्हती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मास्तरांकडे बघू नका. घाबरू नका. कोणीही बोला."

सर्व मुले एका सुरात, हळू आवाजात म्हणाली, "आम्ही स्वतंत्र विचार करतो."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग त्यांची नजर राहीवर गेली. "मुली, तुला सांगता येईल?"

राहीने होय अशी मान हलवली.

"मग सांग."

होय अशी मान.

"अगं, बोल ना."

होय अशी मान.

"हिला बोलता येत नाही का?" साहेबांनी मला विचारले. राहीने त्यालाही होय म्हणून मान हलवली.

साहेबांनी पेन उघडले. मला माहीत होते ते काय लिहिणार. पाचवी गेली, असिस्टंट गेला. मी राहीकडे पाहिले. तिने ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, आणि डोळे, कसे सांगू, उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरावे तसे. माझ्या हुकमाने. आणि माझ्या तोंडून निघून गेले, "राही, बोल गं."

"काय बोलू मास्तर? तुमचं की माझं?"

"तुझं."

मग ती सुटली.

"समुद्र आटला तर पहिल्यांदा आमच्या बाबाचं मागल्या साली गेलेलं जाळं घावेल. मग हर्णैचं लोक येतील आणि आमचं लोक जातील, आणि हा चिखल कोणाचा म्हणून भांडतील. आमचा धोंडूदादा मुंबईला गोदीत हाय, त्याला आगबोटीची वाट बघायला नको, तो चालत येईल. गोदीत काम नसंल तर सगळंच चालत येतील. मासं मरतील म्हणून आई रडंल, पण दादा आला म्हणून हसंल, म्हणजे दोन्ही एकदम करंल. मग पुष्कळ वर्षांनी इथं शेती होईल, आणि पोरांना मासा म्हणजे काय ते ठाऊक नसंल. मग एक दिपोटीसाहेब येतील आणि विचारतील, समजा, उद्या सकाळी उठलात आणि इथं समुद्र आलेला हाय, तर काय होईल? आणि सगळी पोरं मास्तरांकडे बघतील."

मग साहेबांचे पोट हलू लागले. नंतर खांदे. नंतर ते इतके हसले की पट्टेवाला पाणी घेऊन धावला.

झाले, बांध फुटला. रघू म्हणाला, मुंबईपर्यंत चालत जाता येणार नाही, चिखलात पाय रुततील. बाळा म्हणाला, चिखल वाळेपर्यंत थांबायचे. दादू म्हणाला, आगबोट तशीच चिखलात उभी राहील, तिच्यात शाळा भरवू. सगळे एकदम बोलत होते. मी छडीकडे हात नेला, ती दादूजवळ. मी ओरडलो, "थांबा! आधी दाभोळच्या खाडीचं काय ते सांगा! वाशिष्ठी नदीचं पाणी येतच राहणार, ते जाईल कुठे?" मुले क्षणभर थबकली आणि मग माझ्यावर तुटून पडली. माझे म्हणणे अजूनही बरोबर आहे. पण राही म्हणाली की खाडीतून नवा समुद्र व्हायला लागेल, आधी तळ्याएवढा, आणि त्याची मालकी दाभोळवाल्यांची.

साहेब कधी निघून गेले ते कळले नाही.

मंगळवार, ३ मार्च

शेरा आला. पाचवी मंजूर! पुढे लिहिले आहे: 'हेडमास्तरांनी मुलांत स्वतंत्र विचाराची गोडी उत्तम प्रकारे लावली आहे. असिस्टंट मास्तरांनी मात्र शिस्तीकडे अधिक लक्ष द्यावे. त्यांनी हेडमास्तरांच्या पद्धतीचे अनुकरण करावे.'

तोडणकरांना शेरा वाचून दाखवला. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मग शिकवा मला मास्तर. छताकडे किती वेळ बघायचं?"

शनिवार, ७ मार्च

चैन पडेना म्हणून दापोलीला गेलो. साहेबांना म्हटले, "साहेब, शेरे उलटे पडलेत. माझा त्यांना आणि त्यांचा मला पाहिजे."

साहेब गंभीर झाले. "रेवाळे, एकदा लिहिलेला शेरा बदलत नाही. शेवटी शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मी उजवीकडे पाहिले आणि 'होय साहेब' म्हटले. वाटेत तोडणकरांसाठी एक चांगली टोपी घेतली. कारण विचारल्यास काय सांगावे ते ठरले नाही.

बुधवार, २९ एप्रिल

पाचवीसाठी चार मुलगे मिळाले. राहीला तिची आई पाठवीत नाही. आज कोळीवाड्यात गेलो. मंडळी म्हणाल्या होत्या, "भाषण करू नका." पण मी विद्येचे महत्त्व, स्त्रीशिक्षण, देशाची उन्नती, असे क्रमाने मांडले. राहीची आई सोनूबाई मासळी साफ करीत ऐकत होती. उन्नतीपर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "मास्तर, पाय बाजूला घ्या. पाणी ओततेय."

नंतर म्हणाली, "तुमचं खरं हाय. पण माझ्यासंगती दापोलीला पाटी घेऊन कोण येईल? तिला आता विकायला शिकवतेय."

राही मागे उभी होती. मला ती गप्प बसलेली पाहवली नाही.

शुक्रवार, ५ जून

सकाळीच सोनूबाई दारात, कमरेवर हात. "मास्तर, काय शिकवलंत पोरीला? गिऱ्हाइकानं विचारलं, म्हावरं ताजं हाय का? मी म्हटलं, आत्ताच होडीतून काढलंय. तर ही म्हणते, आई, होडी तर काल आली, हे मासं आपल्याकडे वस्तीला होतं! पाटीतलं सगळं तसंच परत आणलं! दुसऱ्या दिवशी एका बाईला म्हणते, भाव करायच्या आधी विचार करा, स्वतंत्र विचार! ती बाई घरी विचार करायला गेली ती आलीच नाय. महिनाभर हेच! ही खोड तुमच्या शाळेची. आता तुम्हीच निस्तरा. मला बाजारात ही नको. उद्यापासून ठेवा दिवसभर तुमच्याकडे!"

मी ओशाळून क्षमा मागितली. माझ्यामुळे त्या माउलीच्या धंद्याचे नुकसान झाले. मंडळींना सांगितले तर त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अगोबाई, हो का? राही मधे यायची हो माझ्याकडे, हळद मागायला. बराच वेळ बसायची."

हळदीचा येथे काय संबंध ते कळले नाही. बायकांना विषय सोडून बोलायची सवय असते.

सोमवार, ८ जून

पाचवीचा पहिला दिवस. चार मुलगे आणि राही. मी फळ्यापुढे ताठ उभा राहिलो आणि एकाएकी लक्षात आले की पाचवीला सुरुवात कशी करायची ते मला कोणीच सांगितलेले नाही. ना हुकूम, ना तालीम. पाचही जण माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरला. छताकडे पाहिले. खरोखरच काही सुचेना.

राहीने हात वर केला.

"बोल."

"मास्तर, तुम्ही आधी खाली बसा."

मी मुकाट्याने बसलो.